भयाचा पुनःप्रत्यय : भयकादंबरी आणि तिचे पुनर्वाचन

१

भयकादंबरी ही एकदाच वाचण्याची गोष्ट आहे, हा समज साहित्यविचारात फार काळ टिकून आहे. त्यामागचा तर्क वरवर पाहता निर्दोष वाटतो. भय अज्ञातातून उपजते. कादंबरी वाचून झाली की अज्ञात ते ज्ञात होते. म्हणून दुसऱ्या वाचनात भय उरत नाही, आणि भयच उरले नाही तर भयकादंबरीत वाचण्याजोगे काही उरत नाही. रहस्यकथा, गूढकथा आणि भयकथा यांना एकाच फडताळात टाकून त्यावर ‘रंजनपर’ अशी चिठ्ठी लावली जाते ती याच तर्काच्या आधारे. गंभीर साहित्यकृती पुन्हा पुन्हा वाचली जाते, रंजनपर कृती मात्र वाचून संपते, असा या वर्गीकरणाचा गाभा आहे.

या तर्काला नेमके सैद्धान्तिक रूप दिले ते त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी. अद्भुतावरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. घडलेली घटना निसर्गनियमांत बसणारी की त्यांच्या पलीकडची, याविषयी वाचकाच्या मनात जो संभ्रम राहतो तोच अद्भुत साहित्यप्रकाराचा प्राण होय, अशी त्यांची भूमिका आहे. संभ्रम हा काळात घडणारा व्यापार असल्यामुळे अशा कृतीचे वाचन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच दिशेने व्हावे लागते. दुसऱ्या वाचनात पात्राशी तादात्म्य शक्य होत नाही. वाचक कृतीच्या प्रभावाखाली येण्याऐवजी तो प्रभाव कोणत्या युक्त्यांनी साधला आहे हे न्याहाळू लागतो. तोदोरोव्ह यांच्या मते असे पुनर्वाचन हे वाचन न राहता वाचनाविषयीचे वाचन बनते.

प्रत्यक्ष वाचनव्यवहार मात्र या सिद्धान्ताला जुमानत नाही. वाचक आपल्या आवडत्या भयकादंबऱ्यांकडे परत परत जातात, आणि त्या वाचताना युक्त्यांची मोजदाद करत बसत नाहीत. शेवट ठाऊक असूनही काही पानांवर त्यांच्या अंगावर पुन्हा काटा येतो. हा अनुभव सवयीचा किंवा स्मरणरंजनाचा म्हणून बाजूला सारता येईल. परंतु सर्वच भयकादंबऱ्यांच्या बाबतीत तो येत नाही, काहींच्याच बाबतीत येतो, ही वस्तुस्थिती मग अनुत्तरित राहते. हा भेद कशामुळे पडतो, याचे उत्तर भयकादंबरीच्या इतिहासात शोधावे लागते.

२

या इतिहासाच्या आरंभापाशीच पुनर्वाचनाचा प्रश्न उभा आहे. अ‍ॅन रॅडक्लिफ यांची ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ ही कादंबरी १७९४ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्या हस्तलिखितासाठी प्रकाशकाने ५०० पौंड मोजले होते आणि त्या काळी ही रक्कम असाधारण मानली गेली. या कादंबरीतील काळ्या पडद्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. नायिका एमिली उडोल्फोच्या किल्ल्यात एका चौकटीवरचा पडदा बाजूला करते आणि जे दिसते ते पाहून बेशुद्ध पडते. तिने काय पाहिले हे निवेदक सांगत नाही. शेकडो पाने उलटल्यावर, अखेरच्या खंडात, ती कुजलेल्या प्रेताची मेणाची आकृती होती असा उलगडा होतो. रॅडक्लिफ यांच्या कादंबऱ्यांत अतिमानुष भासणाऱ्या बहुतेक गोष्टींचे शेवटी असे लौकिक स्पष्टीकरण मिळते.

या कादंबरीचे पहिले वाचन कसे होत असे याचे मार्मिक चित्र जेन ऑस्टेन यांच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त आढळते. १७९० च्या दशकाच्या अखेरीस रचलेली ही कादंबरी लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरात प्रकाशित झाली. तिची नायिका कॅथरिन काळ्या पडद्यापर्यंत पोहोचलेली आहे. पडद्यामागे काय आहे हे जाणून घेण्यासाठी ती तळमळते, आणि तरीही मैत्रिणीला ते न सांगण्याविषयी बजावते. हेच पुस्तक वाचत सारा जन्म घालवावा असेही तिला वाटते. या शेवटच्या इच्छेत एक विसंगती दडलेली आहे. केवळ उत्कंठेवर उभे असलेले पुस्तक जन्मभर वाचता येत नाही, कारण त्याची ओढ शेवटाकडे असते आणि शेवटच त्याला संपवतो. ऑस्टेन यांच्या उपरोधाचा रोख कॅथरिनच्या भाबडेपणावर आहेच, पण तो या विसंगतीपर्यंतही पोहोचतो.

सर वॉल्टर स्कॉट यांनी १८२४ च्या सुमारास रॅडक्लिफ यांच्या कादंबऱ्यांचा परामर्श घेताना याच दोषावर बोट ठेवले. उलगडा झाल्यावर वाचकाला फसवले गेल्यासारखे वाटते. रंगभूमीच्या फार जवळ गेलेल्या मुलाला पुठ्ठे, दोऱ्या आणि कप्प्या दिसाव्यात आणि त्याची भ्रांती कायमची नष्ट व्हावी, तसे त्याचे होते, असा त्यांचा आक्षेप होता. तोदोरोव्ह यांचा मुद्दा जवळजवळ दीडशे वर्षे आधी स्कॉट यांनी अशा प्रकारे मांडला होता. फरक एवढाच, की स्कॉट यांनी तो विशिष्ट तंत्राचा दोष मानला आणि तोदोरोव्ह यांनी त्याला प्रकाराचा धर्म ठरवले.

स्कॉट यांचा आक्षेप काळ्या पडद्यापुरता बिनतोड आहे. मात्र उडोल्फोचा किल्ला प्रथम दृष्टीस पडतो तो मावळतीचा प्रसंग, त्याच्या लांबच लांब वाटा आणि आतून बंद न होणारे दार असलेली एमिलीची खोली, यांना तो लागू पडत नाही. त्या दाराचे रहस्य उलगडण्याचा प्रश्नच नाही. बाहेरून कडी असलेल्या खोलीत एक निराधार मुलगी झोपते, एवढेच तेथे घडते, आणि ते दुसऱ्या वाचनातही तितकेच अस्वस्थ करते. रॅडक्लिफ यांचा काव्यातील अलौकिकाविषयीचा संवाद त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मनाला विस्तारणारे भय आणि त्याला आकसून टाकणारी भीषणता यांत भेद केला आहे. हाच भेद पुनर्वाचनाला लावता येतो. मेणाची आकृती ही भीषणता आहे आणि ती एकदाच काम करते. न लागणाऱ्या कडीचे भय पुन्हा पुन्हा काम करते.

पुनर्वाचनाला एक भौतिक बाजूही आहे. तीन-चार खंडांच्या महागड्या कादंबऱ्या वाचक प्रामुख्याने फिरत्या वाचनालयांतून घेत आणि ठरल्या मुदतीत परत करत. पुस्तक घरात राहत नसे. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ मध्ये तीन खंडांत, लेखिकेच्या नावाविना, केवळ ५०० प्रतींत निघाली. १८३१ मध्ये बेंटली यांच्या स्वस्त मालिकेत तिची एकखंडी आवृत्ती आली तेव्हा लेखिकेने संहितेत फेरफार केले आणि १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी ही कथा कशी सुचली ते सांगणारी प्रस्तावना जोडली. भयकादंबरी विकत घेऊन घरी ठेवण्याची वस्तू होऊ लागली तो हा काळ आहे. या आवृत्तीची पहिली पुनर्वाचक स्वतः लेखिकाच आहे, हेही लक्षात घ्यावे लागते.

३

पुनर्वाचनाला कथावस्तूतच स्थान देणारी कादंबरी म्हणजे ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’. १८९७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रोजनिशा, पत्रे, तारा, वृत्तपत्रांतील कात्रणे आणि ध्वनिमुद्रित टिपणे यांच्या जुळणीतून ती सिद्ध झाली आहे. या बांधणीचा विचार सामान्यतः विश्वसनीयतेच्या अंगाने केला जातो. तथापि या कागदपत्रांचे कादंबरीत काय होते, ते पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

ट्रान्सिल्व्हेनियातून परतलेला जोनाथन हार्कर आपली रोजनिशी उघडायला धजत नाही. जे अनुभवले ते खरे की मेंदूज्वराचा भ्रम, याची त्याला खात्री नाही. तो ती पत्नी मीनाच्या स्वाधीन करतो आणि मीना ती बांधून, मोहोर लावून ठेवते. पुढे लंडनच्या रस्त्यात काउंट दिसतो तेव्हा ती रोजनिशी उघडली जाते, वाचली जाते, व्हॅन हेल्सिंगला दिली जाते. त्यात लिहिलेले सारे खरे आहे असे व्हॅन हेल्सिंग कळवतो तेव्हा हार्कर मनाने बरा होतो. संशयाने तो खचला होता. भय खरे होते हे कळल्यावर त्याला बळ येते. त्यानंतर मीना सर्वांची टिपणे टंकलिखित करून कालानुक्रमे लावते आणि प्रत्येक पात्र ती संपूर्ण वाचते. ज्याने जे भोगले ते तो दुसऱ्यांदा, आणि इतरांच्या अनुभवांच्या शेजारी ठेवून वाचतो. काउंटच्या हालचालींचा आकृतिबंध या दुसऱ्या वाचनातच उमटतो. काउंटलाही हे कळते, म्हणून तो हस्तलिखित आणि ध्वनिमुद्रणाच्या नळ्या जाळतो. तिजोरीत दुसरी प्रत असते म्हणूनच पाठलाग चालू राहू शकतो.

या कादंबरीत पहिले वाचन माणसाला दुबळे करते आणि पुनर्वाचन त्याला समर्थ करते. तोदोरोव्ह यांना अभिप्रेत असलेला संभ्रम येथे केवळ पहिली पायरी आहे. संभ्रम मिटल्यावर भय नाहीसे होत नाही, त्याचे रूप पालटते.

कादंबरीच्या बाहेरच्या वाचकाचेही असेच होते. काउंट हा रक्तपिपासू पिशाच आहे हे व्हॅन हेल्सिंग सविस्तर उलगडून सांगतो ते कादंबरी बरीच पुढे गेल्यावर. १८९७ च्या वाचकाला तोवर अंधारात चाचपडण्याची संधी होती. आज ती कोणालाच नाही. ‘ड्रॅक्युला’ हे नाव पुस्तक उघडण्याआधीच सर्व काही सांगून टाकते. तोदोरोव्ह यांना अपेक्षित असलेले पहिले वाचन या कादंबरीच्या वाट्याला आता येतच नाही. तिचा प्रत्येक वाचक पुनर्वाचक असतो. तरीही कादंबरीतील पहिली चार प्रकरणे तिचा सर्वांत प्रभावी भाग मानली जातात, आणि हीच प्रकरणे वाचकाला आगाऊ ठाऊक असलेल्या गोष्टीवर उभी आहेत.

याचे कारण त्या प्रकरणांतील निवेदनात सापडते. हार्करला नेण्यासाठी रात्री घोडागाडी येते. गाडीवानाची पकड पोलादासारखी आहे याची तो नोंद करतो. किल्ल्यात काउंट स्वतः त्याचे स्वागत करतो आणि हस्तांदोलन करतो, तेव्हा गाडीवानाच्या हाताशी असलेले साम्य त्याला जाणवते. पण तो विचार तो पुढे नेत नाही. किल्ल्यात नोकरचाकर नाहीत, काउंटच आपले जेवण मांडतो, हे त्याला नंतर आढळते, आणि मग गाडीवान कोण होता याचा उलगडा होतो. पहिल्या वाचनात वाचक हार्करच्या बरोबरीने चालतो. पुनर्वाचनात तो हार्करच्या पुढे असतो. वाटेतल्या स्त्रीने गळ्यात घातलेला क्रूस, सहप्रवाशांची कुजबुज, गाडीवानाची पकड या प्रत्येक तपशिलापाशी वाचकाला पुढचे दिसते आणि हार्करला दिसत नाही. आता भय ‘काय होईल’ याचे राहिलेले नाही. जे होणार आहे त्याकडे एक माणूस सरळ मनाने, पाककृती टिपून घेत आणि रेल्वेच्या वेळापत्रकाविषयी कुरकुरत चाललेला आहे, याचे ते भय आहे. त्यात करुणा मिसळलेली आहे. ग्रीक शोकात्मिकेच्या प्रेक्षकांना ईडिपसच्या कथेचा शेवट बहुधा ठाऊकच असे, आणि त्या नाटकाचे सामर्थ्य या माहितीने उणावत नसे. भयकादंबरीच्या पुनर्वाचनात वाचक त्या प्रेक्षकाच्या जागी जाऊन बसतो.

४

हेन्री जेम्स यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या लघुकादंबरीचे प्रकरण वेगळे आहे. १८९८ च्या जानेवारी ते एप्रिल या काळात ती ‘कॉलिअर्स वीकली’तून क्रमशः प्रसिद्ध झाली. ब्लाय येथील दोन मुलांच्या शिक्षिकेला दोन मृत नोकरांची भुते दिसतात, की ती तिच्या मनाची निर्मिती आहेत, हा प्रश्न अखेरपर्यंत सुटत नाही. तोदोरोव्ह यांनी शुद्ध संभ्रमाचे दुर्मिळ उदाहरण म्हणून याच कृतीचा उल्लेख केला आहे. तिचा इतिहास मात्र त्यांच्या पुनर्वाचनविषयक विधानाच्या विरोधात साक्ष देतो.

आरंभीच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ही सरळ भुताची गोष्ट म्हणून वाचली. जेम्स यांनी १९०८ मध्ये आपल्या संकलित आवृत्तीसाठी ती पुन्हा वाचली, तपासली आणि तिला प्रस्तावना लिहिली. दुष्टपणाचे तपशील आपण हेतुतः मोघम ठेवले, वाचकाने ते स्वतःच्या कल्पनेतून भरावेत अशी योजना होती, असे त्या प्रस्तावनेत सुचवले आहे. एडमंड विल्सन यांनी १९३४ मधील निबंधात भुते हे शिक्षिकेच्या दमित मनाचे खेळ आहेत असा अर्थ लावला आणि त्यानंतर या कृतीवरील वाद अनेक दशके चालला. शोशाना फेलमन यांनी १९७७ मध्ये या वादाचेच वाचन केले आणि दोन्ही पक्षांचे टीकाकार शिक्षिकेची सर्वज्ञतेची हाव कसे गिरवतात ते दाखवले. ही कृती वाचून संपली असती तर हा इतिहास घडला नसता.

पुनर्वाचनात मिळणारे भय येथे कोणत्या जातीचे आहे ते चौकटकथेवरून स्पष्ट होते. नाताळच्या आदल्या रात्री जमलेल्या मंडळींना डग्लस एका हस्तलिखिताविषयी सांगतो. ते लिहिणारी शिक्षिका आता हयात नाही. ती पुढे त्याच्या बहिणीची शिक्षिका झाली होती आणि आपल्या पेशात तिच्याइतकी मनमिळाऊ व्यक्ती त्याने पाहिली नाही. पहिल्या वाचनात हा मजकूर कथेचा उंबरठा म्हणून ओलांडला जातो. शेवटी मुलगा तिच्या मिठीत प्राण सोडतो आणि कथा तेथेच थांबते. चौकट पुन्हा येत नाही. दुसऱ्यांदा पहिल्या पानावर आलेल्या वाचकाला मात्र तोच मजकूर हादरवतो. जिच्या हाती सोपवलेले एक मूल मरण पावले, ती दुसऱ्या घरी गेली, तिच्यावर दुसरे मूल सोपवले गेले, आणि ती सर्वांना आवडली. या वाक्यांतले भय पहिल्या वाचकाला उपलब्धच नसते. पुनर्वाचनात भय उरते, इतकेच म्हणणे येथे अपुरे ठरते. काही भय केवळ पुनर्वाचनातच जन्म घेते.

५

पुनर्वाचन कधीकधी नव्या कादंबरीला जन्म देते. स्टीफन किंग यांनी शाळेत शिकवत असताना ‘ड्रॅक्युला’ विद्यार्थ्यांबरोबर वाचली आणि काउंट आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल या विचारातून १९७५ ची ‘सेलम्स लॉट’ ही कादंबरी आकाराला आली. १९८१ मध्ये भयसाहित्याचा आढावा घेताना त्यांनी स्टोकर यांच्या कादंबरीला भिंतीची आणि स्वतःच्या कादंबरीला तिच्यावर मारलेल्या चेंडूची उपमा दिली. नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘लुचाई’ ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे. लंडनहून अमेरिकेतल्या एका लहानशा गावात आणि तेथून मराठीत असा हा प्रवास आहे.

अशा रूपांतराकडे उसनवारी म्हणून पाहण्याची मराठी समीक्षेची सवय आहे. उसनवारी ती आहेच. पण ती एका कसून केलेल्या पुनर्वाचनाची खूणही आहे. स्टोकर यांच्या पिशाचाचे भय ख्रिस्ती विधींच्या उलटापालटीवर उभे आहे. पवित्र रक्ताच्या प्रसादाची जागा तेथे दूषित रक्तपान घेते आणि पुनरुत्थानाची जागा कबरीतून उठणारे प्रेत. दहनाची रीत असलेल्या आणि क्रुसाला घरात स्थान नसलेल्या समाजात ही कथा आणू पाहणाऱ्या लेखकाला मूळ कादंबरीतील घटना उचलून भागत नाही. भय नेमके कशात आहे हे त्याला शोधावे लागते. परिचित गावाचे एकेक घर परके होत जाणे, आपल्या माणसाने उंबऱ्याबाहेर उभे राहून आत घेण्याची विनवणी करणे, आणि हाक ओळखीची असल्यामुळेच दार उघडले जाणे, हा भयाचा गाभा धर्मचिन्हांखेरीजही टिकतो. अतिथीला दारातून परत न पाठवण्याचा संस्कार असलेल्या घरात तर तो अधिकच खोल जातो.

मराठी वाचकाच्या बाबतीत या साखळीचा क्रम बहुधा उलटा असतो. त्याने वाचनालयातून आणलेले धारप आधी वाचलेले असतात, किंग आणि स्टोकर मागाहून. ‘ड्रॅक्युला’ प्रथमच हाती घेताना त्याच्या मनात ‘लुचाई’ असते. मूळ आणि रूपांतर यांचा कालक्रम वाचनाच्या इतिहासात असा उलटतो, आणि साहित्येतिहासाने त्याचीही दखल घ्यायला हवी.

६

या सर्व उदाहरणांतून येणारे निष्कर्ष तोदोरोव्ह यांच्या सिद्धान्तात बसत नाहीत. भारतीय रसविचारात मात्र त्यांना जागा आहे. अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीचे विवेचन करताना ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून पळणाऱ्या हरिणाच्या श्लोकाचे उदाहरण घेतले आहे. त्या श्लोकातून प्रतीत होणारे भय विशिष्ट हरिणाचे नसते आणि सहृदयाचे स्वतःचेही नसते. मी भ्यालो, तो भ्याला, हा शत्रू, हा मित्र अशा संबंधांपासून सुटलेले, देशकालाच्या मर्यादा नसलेले असे ते भय असते. म्हणूनच ते टाळण्याची इच्छा होत नाही आणि त्याचा आस्वाद घेता येतो.

हा विचार मान्य केला की अज्ञान हा भयाचा अनिवार्य घटक राहत नाही. राजाला आश्रमातील तपस्वी अडवणार आणि हरीण वाचणार, हे नाटक जाणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते; तरी श्लोकातील हरिणाचे भय ओसरत नाही. उत्कंठा पुढच्या क्षणाच्या आधाराने जगते, रस मात्र समोरच्या क्षणात असतो. पहिल्या वाचनात हे दोन्ही मिसळलेले असल्यामुळे वाचकाला आपण कशामुळे भ्यालो हे वेगळे करता येत नाही. पुनर्वाचनात उत्कंठा गळून पडते, आणि कृतीत भयानक रस होता की केवळ उत्कंठा होती, याचा निवाडा होतो.

तादात्म्याविषयीची तोदोरोव्ह यांची अडचणही मराठी समीक्षेला नवी नाही. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि त्याच वेळी स्वतःचे भान राखतो, असा तिचा आशय आहे. दुसऱ्या वाचनात जाणीव जागी राहते म्हणून तादात्म्य तुटते, हे तोदोरोव्ह यांचे विधान निर्विकल्प तादात्म्य गृहीत धरते. हार्करच्या पुढे चालणारा वाचक हार्करपासून तुटलेला नसतो. त्याच्या पुढचे दिसत असल्यामुळे तो त्याच्यात अधिक गुंततो.

पुनःप्रत्यय ही संज्ञा या व्यवहाराला म्हणूनच योग्य वाटते. पहिला प्रत्यय जशाच्या तसा परत आणणे तिच्यात अभिप्रेत नाही. ओळखीच्या वाटेवर, पुढचे वळण माहीत असताना, पूर्वी न दिसलेले दिसणे हा तिचा अर्थ आहे. ‘उडोल्फो’तील मेणाची आकृती या कसोटीवर निरुपयोगी ठरते आणि न लागणारी कडी टिकते. ‘ड्रॅक्युला’ची पहिली चार प्रकरणे टिकतात, उत्तरार्धातील पाठलागाची पुष्कळ पाने टिकत नाहीत.

ही कसोटी मराठी भयसाहित्यालाही लावावी लागेल. धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या वाचकांची संख्या, त्यांच्या पुस्तकांची पुनर्मुद्रणे आणि वाचनालयांतील झिजलेल्या प्रती यांवरून या लेखनाची लोकप्रियता सिद्ध होते, वाङ्मयीन मूल्य नव्हे. परंतु ‘एकदा वाचून संपणारे’ या कारणास्तव ते अभ्यासाबाहेर ठेवायचे असेल, तर ते खरोखर एकदा वाचून संपते का, हे आधी पाहणे प्राप्त आहे. त्यासाठी या कथा-कादंबऱ्या दुसऱ्यांदा वाचाव्या लागतील. त्यांपैकी पुष्कळ त्या वाचनात गळून पडतील. ज्या उरतील त्यांच्याविषयी मग समीक्षेला मौन बाळगता येणार नाही.